मॅग्नमची हौस आणि जखमी हरीण

आधीच सांगून टाकतो, नाहीतर निम्मे वाचक इथूनच पळून जातील. शिकार करावी की नाही, हा आजचा विषय नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो प्रश्न जवळजवळ निकालात काढला, आणि माझ्या मते चांगलंच झालं. मी बोलतोय अमेरिकेबद्दल. इथे लायसन्स काढून, ठरलेल्या सीझनमध्ये, ठरलेल्या संख्येत शिकार करता येते. कोलोरॅडोत ऑक्टोबर उजाडला की एल्कचा सीझन सुरू होतो (एल्क म्हणजे आपल्या सांबराहून चांगलंच मोठं हरीण), आणि लंच टेबलावर क्रिकेटच्या जागी काडतुसांवर वाद रंगतात. त्या वादात माझेही दोन पैसे.

माझं म्हणणं साधं आहे. तीन रायफली पुरतात. बहुतेकांना तर दोनच. हरणाला एक, एल्कला दुसरी, अस्वलाला तिसरी, लांबच्या नेमाला चौथी असं कपाट भरत जाणारा माणूस प्राण्यांचा विचार करत नसतो, कॅटलॉगचा करत असतो.

आता तीन कुठल्या? पहिली .२२ लाँग रायफल. हे काडतूस १८८७ चं. ससे, खारी यांच्यासाठी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सरावासाठी. स्वस्त, धक्का नाहीच.

दुसरी ३०-०६, म्हणजे थर्टी-ऑट-सिक्स. अमेरिकन सैन्याने १९०६ साली घेतलेलं हे काडतूस, म्हणून नावात ०६. यातली गंमत अशी की रायफल तीच ठेवून गोळी बदलता येते. हरीण किंवा प्रॉन्गहॉर्नसाठी १५० ग्रेनची, एल्क आणि मूससाठी १८० ची (साधारण पावणेबारा ग्रॅम), जाड कातडीच्या अस्वलासाठी २२० ची. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड तोच, फक्त पॅरामीटर बदला. कुठल्याही आडगावातल्या दुकानात काडतुसं मिळण्याची शक्यता चांगली. तुम्हाला १९५२ चं .३०८ विंचेस्टर जास्त आवडत असेल तर तेही चालेल, भांडणार नाही :)

तिसरी .३७५ हॉलंड अँड हॉलंड, १९१२ ची. अलास्कातलं तपकिरी अस्वल किंवा आफ्रिकेतला रानरेडा यांच्यापुढे उभं राहायचं असेल तरच. आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक प्राण्यांसाठी कायद्यानेच किमान एवढी लागते. बहुतेकांच्या नशिबी ती वेळ येत नाही, म्हणून म्हटलं, दोनच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: "पॉवर जास्त असलेली बरी ना?" ठीक आहे, हिशोब करू. .३०० विंचेस्टर मॅग्नम (१९६३) त्याच १८० ग्रेनच्या गोळीला ३०-०६ पेक्षा साधारण २० टक्के जास्त ऊर्जा देते. पण कोलोरॅडोच्या नियमानुसार एल्कसाठी १०० यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा लागते, आणि ३०-०६ तिथे त्याच्या अडीचपट घेऊन पोचते. राहिला लांबचा नेम. दोन्ही रायफली २०० यार्डांवर सेट केल्या, तर ३०० यार्डांवर गोळी खाली येण्यात फरक पडतो दीड-दोन इंचांचा. हरणाच्या हृदय-फुप्फुसाचा भाग आठ-दहा इंचांचा असतो. म्हणजे सगळा खटाटोप या दोन इंचांसाठी.

आणि त्याची किंमत? धक्का पाव ते एक तृतीयांशाने वाढतो, काडतुसं महाग पडतात. महाग म्हणून सराव कमी, आणि धक्का जोराचा म्हणून चाप ओढायच्या आधीच खांदा आक्रसतो, डोळे मिटतात. गोळी फुप्फुसात न लागता पोटात लागते. पोटात गोळी लागलेलं हरीण लगेच पडत नाही. ते पळतं, झाडीत शिरतं आणि तासन् तास तडफडून मरतं, अनेकदा कुणाला सापडतही नाही. मॅग्नमवाल्यांच्या गप्पांत हे हरीण कधीच नसतं, आणि माझा सगळा राग त्यावर आहे. प्राण्याचा जीव घ्यायचाच असेल तर तो एका गोळीत, वेदना न वाढवता घेणं एवढं तरी आपण त्याला देणं लागतो. ते नेमाने होतं, नळीवर कोरलेल्या नावाने नाही.

जिम कॉर्बेट तर आपण सगळ्यांनी वाचलेला. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्याने १९२६ साली .२७५ रिग्बीने मारला. हे काडतूस म्हणजे १८९० च्या दशकातलं ७ मिलिमीटर माउझरच, फक्त इंग्रजी नाव लावलेलं. आफ्रिकेत 'कारामोजो' बेलने त्याच काडतुसाने शेकडो हत्ती मारले. याचा अर्थ तुम्हीही तसं करा असा मुळीच नाही. हत्तीची कवटी आतून कशी असते हे बेलला पाठ होतं, आपल्याला नाही. पण गोळी कुठे लागते हे ती केवढी आहे याहून महत्त्वाचं, एवढं त्यातून नक्की कळतं.

दुसरा आक्षेप, "नवीन काडतुसं वाईट कशी?" सगळी नाहीतच. २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमूर मला आवडतं, कारण धक्का कमी आहे. पण स्वीडनमध्ये त्याच जाडीच्या गोळीच्या, एकोणिसाव्या शतकातल्या ६.५ × ५५ ने पिढ्यान् पिढ्या मूस मारतायत. उलट २००३ मध्ये वाजतगाजत आलेले विंचेस्टर सुपर शॉर्ट मॅग्नम आठवा. काही वर्षांतच दुकानातून गायब. रायफल घरात, काडतूस मिळेना. सपोर्ट बंद झालेलं सॉफ्टवेअर ज्याच्या गळ्यात पडलंय त्याला हे दुःख समजावून सांगायला नको.

अंगाने बारीक असाल, धक्का सोसत नसेल, तर ३०-०६ सुद्धा सोडा. .३०८ किंवा त्याच्याच पुंगळीवरून काढलेलं ७ मिलिमीटर-०८ घ्या. त्यात कमीपणा कसला?

थोडक्यात काय, चौथ्या रायफलीला लागणारे पैसे चांगल्या स्कोपवर आणि दोन-तीनशे काडतुसांवर घाला. सीझनच्या आधीचे चार शनिवार रेंजवर काढा. बसून, गुडघ्यावर, उभं राहून, धाप लागलेली असताना नेम धरून बघा. दहापैकी दहा गोळ्या जिथवर आठ इंचांच्या थाळीत बसतात तेवढंच तुमचं अंतर, मग ते १५० यार्ड का असेना. त्यापलीकडचं हरीण दिसलं तर बघा, फोटो काढा आणि जाऊ द्या.