शिबिर एका दिवसाचे, रक्तदाब रोजचा

संपादक महोदय,


२९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन जवळ आला की आपल्या शहरात तपासणी शिबिरांची रांग लागते. मांडव पडतो, फलक लागतात, येईल त्याचा रक्तदाब आणि साखर तपासली जाते. ज्याचा वरचा आकडा १७० निघतो, त्याला ‘डॉक्टरांना दाखवून घ्या’ असे सांगून पाठवतात. त्याने दाखवले का, गोळी सुरू झाली का, सहा महिन्यांनी तो ती घेतो आहे का, हे विचारायला पुढे कोणी जात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की मिरजेने आता शिबिरांवरचा पैसा आणि श्रम पाठपुराव्याकडे वळवावेत.

उपचारांच्या बाबतीत हे शहर भाग्यवान आहे. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशनचे रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि आज कोकणापासून उत्तर कर्नाटकापर्यंतचे रुग्ण मिरजेची वाट धरतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून पात्र रुग्णाची अँजिओप्लास्टी आणि बायपासही होते. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडण्याची सोय आपण केली आहे. पण ती वाहिनी बंद व्हायला पंधरा-वीस वर्षे लागली, त्या काळात रुग्णाकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

हृदयविकार आभाळातून कोसळत नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींत सामावतो, असे त्यात दिसले: तंबाखू, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाच्या सवयी. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास येत असल्याचे आढळले. घरात लेकीचे लग्न, मुलाचे शिक्षण व्हायचे असते, तेच हे वय.

‘आम्ही शेतात राबणारी, अंगाने काटक माणसे, आम्हाला कसला हृदयविकार?’ हे आपल्या भागात सर्रास ऐकू येते. या समजाला पुण्यातच उत्तर मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि बालकांचा १९९३ पासून अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी भरतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी अधिक असते, असे त्यातून पुढे आले. पुढे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःची मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून नुसता वजनकाटा पाहून निर्धास्त राहू नये. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला, तर सावध व्हावे. आणि रोज सकाळी मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे की मिश्री ही तंबाखूच आहे.

या सगळ्यांत उच्च रक्तदाब सर्वांत फसवा, कारण तो बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून मोजला जात नाही, आणि ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी मध्येच सोडली जाते. हे बदलता येते. शेजारच्या साताऱ्यात राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरुवातीच्या टप्प्यातच आला. त्यात नवे महागडे यंत्र काही नाही. ठरलेली औषधे, त्यांचा अखंड पुरवठा, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि जो आला नाही त्याचा शोध, एवढीच त्याची रीत.

ही रीत मिरजेच्या गल्लीबोळांत नेता येईल. अनंत चतुर्दशीला भव्य स्वागत कमानी उभारणारी मंडळे आपल्याकडे आहेत. प्रत्येक मंडळाने एक चांगले यंत्र आणि एक नोंदवही ठेवावी, दोन कार्यकर्ते शिकवून तयार करावेत आणि दर रविवारी गल्लीतल्या तिशीपुढच्या लोकांचा रक्तदाब मोजावा. महापालिकेच्या आरोग्य केंद्राने प्रशिक्षण द्यावे, गोळ्या द्याव्यात आणि ही वही दर महिन्याला तपासावी.

यावर आक्षेप येईल की कार्यकर्ते डॉक्टर नव्हेत, लोक उगाच घाबरतील. आक्षेप रास्त आहे. म्हणून निदान आणि औषध डॉक्टरांकडेच राहावे. माणसाला पाच मिनिटे शांत बसवावे, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, दंड हृदयाच्या पातळीत असावा, आणि दोनदा मोजावे. एकदा जास्त आला म्हणजे रोग ठरत नाही. पण पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर त्या माणसाला केंद्रापर्यंत सोबत करावी. कोणाचा आकडा किती, हे मात्र वहीबाहेर जाता कामा नये.

याच कार्यकर्त्यांनी घरोघरी आणखी एक गोष्ट सांगावी. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप असे काही जाणवले, तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा पिऊन पहाटेची वाट पाहू नये. स्त्रियांत आणि मधुमेहींत छाती फारशी न दुखताही झटका येतो. १०८ ला फोन करून तडक रुग्णालय गाठावे. उशीर होईल तितका हृदयाचा स्नायू मरतो, आणि मेलेला स्नायू कोणताही स्टेंट परत आणत नाही.

महापालिकेने दर तीन महिन्यांनी वॉर्डनिहाय दोन आकडे जाहीर करावेत: किती जणांची नोंद झाली आणि त्यांपैकी किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला. आपणही शिबिरांच्या फोटोंऐवजी हे आकडे ठळकपणे छापावेत, ही विनंती. कोणता वॉर्ड मागे पडतो आहे हे एकदा लोकांना दिसले, की जाब विचारायला ते स्वतःच पुढे येतील.

आपला,
एक वाचक, ब्राह्मणपुरी, मिरज