अपारंपरिक ऊर्जेचा लाभ आणि प्रकल्पक्षेत्रातील गावांचा वाटा

नवी दिल्ली : दिल्ली मेट्रोच्या गाड्या ज्या विजेवर धावतात, तिच्यातील काही वीज मध्य प्रदेशातील रीवा जिल्ह्यातून येते. गुढ तालुक्यातील ७५० मेगावॅट क्षमतेच्या सौर प्रकल्पातील २४ टक्के वीज दिल्ली मेट्रोसाठी आणि उरलेली मध्य प्रदेशातील वीज कंपन्यांसाठी, अशी ही व्यवस्था आहे. मेट्रोला एप्रिल २०१९ पासून हा पुरवठा सुरू झाला आणि जुलै २०२० मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी प्रकल्प राष्ट्राला अर्पण केला. २०१७ मधील लिलावात पहिल्या वर्षासाठी प्रतियुनिट २ रुपये ९७ पैसे इतका दर निघाला, तेव्हा देशभरात त्याची प्रशंसा झाली होती.

महानगरासाठी स्वच्छ आणि स्वस्त वीज मिळणे ही निःसंशय समाधानाची बाब आहे. परंतु ज्या गावांच्या शिवारात असे प्रकल्प उभे राहतात, त्या गावांना या लाभातून काय मिळावे, या प्रश्नाला देशपातळीवर अद्याप निश्चित उत्तर मिळालेले नाही. दिल्लीच्या दृष्टीने हा प्रश्न यापुढे अधिकच महत्त्वाचा ठरणार आहे. दिल्ली सरकारने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या सौर धोरणात मार्च २०२७ पर्यंत ४,५०० मेगावॅट सौर क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले. त्यापैकी राजधानीतील छतांवर केवळ ७५० मेगावॅट अपेक्षित असून उरलेली ३,७५० मेगावॅट क्षमता दिल्लीबाहेरील प्रकल्पांची आहे. म्हणजेच राजधानीच्या सौरऊर्जेचा मोठा भाग दुसऱ्या राज्यांतील जमिनीवर तयार व्हावयाचा आहे.

दिल्लीसाठी दूरच्या प्रदेशाने भार सोसणे हे नवीन नाही. उत्तराखंडातील टिहरी धरणात २००५ मध्ये पाणी अडविण्यास सुरुवात झाली आणि जुने टिहरी शहर बुडाले. त्या धरणाची वीज दिल्लीसह उत्तर भारतातील राज्यांना मिळते, तर त्याच्या जलाशयातील पाणी राजधानीच्या पिण्याच्या पाण्यात भर घालते. अशा प्रकल्पांच्या अनुभवातूनच २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणात काही तरतुदी करण्यात आल्या. प्रकल्प असलेल्या राज्याला मिळणाऱ्या १२ टक्के मोफत विजेखेरीज आणखी एक टक्का मोफत वीज स्थानिक क्षेत्र विकास निधीसाठी देण्याचे आणि राज्यानेही आपल्या वाट्यातून तितकीच भर घालण्याचे ठरले. शिवाय प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षे दरमहा १०० युनिट वीज, अथवा तितक्या मोलाची रक्कम, देण्याची तरतूद करण्यात आली.

खाणींच्या बाबतीतही संसदेने असाच मार्ग स्वीकारला. २०१५ मध्ये खाण आणि खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. खाणचालकाने स्वामित्वधनाच्या १० किंवा ३० टक्के इतकी अतिरिक्त रक्कम या प्रतिष्ठानाकडे भरावयाची आणि ती खाणग्रस्त भागासाठी वापरावयाची, असा हा नियम आहे. निधीच्या वापराबाबत तक्रारी असू शकतात, परंतु वाटा मागण्याचा आधार कायद्यात आहे, हे महत्त्वाचे. सौर आणि पवन ऊर्जेसाठी प्रकल्पग्रस्त कुटुंबापर्यंत पोहोचणारा असा देशव्यापी बंधनकारक नियम नाही.

यामागे एक समज आहे. सौर प्रकल्पाने गाव बुडत नाही, धूर निघत नाही, जमीन बहुधा पडीक असते किंवा मालकाच्या संमतीने भाड्याने घेतलेली असते. मग वाटा कशासाठी, असे विचारले जाते. मात्र महसुली दप्तरात पडीक म्हणून नोंदलेली जमीन अनेकदा गावाचे गायरान असते. राजस्थानच्या पश्चिम भागात ‘ओरण’ या नावाने राखलेल्या देवरायांवर पशुपालकांचे जीवन अवलंबून आहे आणि जैसलमेर जिल्ह्यात त्यांच्या रक्षणासाठी आंदोलने झाली आहेत.

भाडेपट्ट्याच्या जमिनीबाबतही चित्र एकसारखे नाही. कर्नाटकातील तुमकुरू जिल्ह्यातील पावगड येथे सुमारे १३ हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून एकरी वार्षिक २१ हजार रुपये भाड्याने घेण्यात आली आणि त्यात ठरावीक काळाने वाढ देण्याचे मान्य झाले. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या जमीनमालकांना यामुळे हमखास उत्पन्न मिळाले. परंतु त्याच शेतात राबणाऱ्या भूमिहीन मजुराचे नाव भाडेपट्ट्यात नसते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तीन वर्षांपासून त्या जमिनीवर उपजीविका करणाऱ्या शेतमजूर आणि कुळांनाही ‘बाधित कुटुंब’ मानले आहे. पण संपादनाऐवजी परस्पर भाडेकरार झाला की त्या तरतुदी सहसा लागू होत नाहीत. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला भाडे आणि ज्याच्याकडे नाही त्याची मजुरीही गेली, अशी स्थिती निर्माण होते.

महाराष्ट्राला या प्रश्नाची दोन्ही रूपे परिचित आहेत. कोयनेच्या विजेवर राज्यातील उद्योग वाढले, मात्र धरणग्रस्तांचे पुनर्वसनाचे प्रश्न पुढील पिढ्यांपर्यंत रेंगाळले. धुळे जिल्ह्यातील विखरण येथील एका वृद्ध शेतकऱ्याने वीज प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या अपुऱ्या मोबदल्याविरुद्ध दाद मागताना जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष प्राशन केले आणि उपचारादरम्यान त्यांचा मृत्यू झाला. दुसरीकडे, २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खाजगी जमिनीसाठी हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ ठरविण्यात आली. शिवाय प्रकल्पक्षेत्रातील ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपयांचे साहाय्य देण्यात येते आणि प्रकल्पाची वीज त्याच परिसरातील कृषिपंपांना दिवसा पुरविली जाते. वीज, भाडे आणि ग्रामपंचायतीचा निधी अशा तिन्ही वाटांनी लाभ गावात राहण्याची ही व्यवस्था आहे. प्रकल्प पंचवीस वर्षे चालणार असताना ग्रामपंचायतीचे साहाय्य तीनच वर्षांत का थांबावे, हा प्रश्न मात्र उरतो.

इतर देशांतही वाट्याचे नियम आढळतात. दक्षिण आफ्रिकेत २०११ पासूनच्या लिलावांत स्थानिक समुदायाला किमान अडीच टक्के भागभांडवल आणि महसुलाचा किमान एक टक्का सामाजिक विकासासाठी देणे बंधनकारक करण्यात आले. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनजवळ समुद्रात २००० मध्ये उभारलेल्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्यांची मालकी हजारो सभासदांच्या सहकारी संस्थेकडे देण्यात आली. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये.

अशा अटींमुळे वीज महाग होईल, हा आक्षेप तपासून पाहण्याजोगा आहे. रीवाच्या प्रारंभिक दराने हिशोब केल्यास महसुलाचा एक टक्का म्हणजे प्रतियुनिट सुमारे तीन पैसे. महिन्याला अशी २०० युनिट वीज वापरणाऱ्या कुटुंबावर त्याचा भार सहा रुपयांच्या आसपास पडेल. याउलट, जमिनीच्या वादाने प्रकल्प रखडला तर होणारा खर्च कितीतरी अधिक असतो. सर्व स्पर्धक कंपन्यांना अट समान असेल तर लिलावातील स्पर्धाही कायम राहते.

भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगरजीवाश्म क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. देशाच्या एकूण स्थापित क्षमतेतील निम्मा वाटा बिगरजीवाश्म स्रोतांचा झाल्याचे केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. पुढील टप्प्यात आणखी मोठ्या प्रमाणावर जमीन लागणार, हे उघड आहे. केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय दिल्लीत आहे आणि राष्ट्रीय लिलावांच्या निविदा काढणाऱ्या भारतीय सौर ऊर्जा महामंडळाचे मुख्यालयही येथेच आहे. वीज वापरणारी राजधानीच निविदेच्या अटीही ठरविते. त्यामुळे स्थानिक वाट्याचे एक कलम त्या अटींत घालणे, त्याचा लाभ भूमिहीन आणि पशुपालकांपर्यंत नेणे आणि निधीचा हिशोब ग्रामसभेपुढे ठेवणे, याची सुरुवातही दिल्लीतूनच व्हावी, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. जलविद्युत प्रकल्पांना जो न्याय २००८ मध्ये लागू झाला, तो सूर्य आणि वारा यांच्यापासून मिळणाऱ्या विजेलाही लागू होणे आवश्यक आहे.