पोस्टरच्या कोपऱ्यातलं नाव

सिनेमाच्या पोस्टरवर बोलायला बसलं की आपल्या व्यवसायात चर्चा लगेच फॉन्ट आणि कलर पॅलेटवर येते. ती जरूर व्हावी. पण ज्यांच्या खांद्यावर आपण उभे आहोत, त्या चित्रकारांचं काम आपण पुरेसं बघत नाही, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

सुरुवात कोल्हापूरची आहे. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवत सिनेमाकडे आले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आज हाती असलेल्या भारतीय चित्रमय पोस्टरांतलं सर्वांत जुनं मानलं जातं. पडदा रंगवणाऱ्याला शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाचा विचार करावाच लागतो. भिंतीवरच्या कागदालाही त्याच नजरेची गरज होती.

पुढे एस. एम. पंडित आले. मूळचे गुलबर्ग्याचे. हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी मुंबईत शो-कार्डं, म्हणजे थिएटरच्या लॉबीत लावायची चित्रं, करताना त्यांनी त्वचेवरचा उजेड, केसांच्या कडेची चमक हे सगळं हातात मुरवलं. १९४९च्या 'बरसात'चं त्यांचं पोस्टर पाहा. नायकाच्या एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर रेललेली नायिका. दोन देहांची ती एकच तिरकी रेषा सगळी गोष्ट सांगून जाते. पुढे आर. के. फिल्म्सच्या बोधचिन्हात हीच मुद्रा आली. जी. कांबळे तर पुन्हा कोल्हापूरचेच. 'मुघल-ए-आझम'साठी १९६० साली मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरवर लागलेली होर्डिंग्ज त्यांच्या हातची, आणि महाराष्ट्र शासनाने मान्यता दिलेलं शिवाजी महाराजांचं चित्रही त्यांचंच.

आम्हाला सर्वांत जास्त शिकवतात ते दिवाकर करकरे. लिथोच्या काळात एकेक रंग वेगळा काढून प्लेटवर हाताने उतरवावा लागे. मूळ चित्राचा पोत तिथेच अर्धा मरायचा. ऑफसेटमध्ये चित्राचा थेट फोटो निघू लागला, आणि रंगाचा थर, सुरीचा फटका छापून येणं शक्य झालं. दिवाकर यांनी या सोयीचं सोनं केलं. १९७५च्या 'दीवार'च्या काळातले त्यांचे चेहरे जवळून पाहा: गालावर नाइफने ओढलेले जाड पट्टे, सावलीत हिरवा किंवा निळा, कपाळावर सरळ लाल. हातभर अंतरावरून तो नुसता रंगाचा राडा दिसतो. रस्त्याच्या पलीकडून त्याच राड्यातून एक चिडलेला तरुण उभा राहतो. सत्तरच्या दशकाचा राग या शैलीत जितका उतरला तितका तो गुळगुळीत फोटोत उतरला नसता, असं आमचं मत आहे.

म्हणजे शैली हवेतून येत नव्हती. छपाईचं तंत्र, भिंतीचं अंतर आणि चित्रपटाचा स्वभाव या तिन्हींचं उत्तर म्हणून ती घडत होती. आज आपलं पोस्टर बहुतेकदा आधी मोबाइलवर, अंगठ्याएवढ्या आकारात दिसतं. तरीही आपण तेच पाच-सहा चेहरे उतरंडीसारखे रचतो आणि त्यांच्यामागे धूर सोडतो. त्या आकारात चेहरे ओळखू येत नाहीत, टायटल तर दिसतच नाही. अंगठ्याएवढ्या जागेसाठी आपली स्वतंत्र शैली अजून घडलेली नाही. ती घडवणं या पिढीचं काम आहे.

आता एक तातडीचं. हाताने रंगवलेली मूळ चित्रं, बॅनर, शो-कार्डं झपाट्याने नष्ट होत आहेत. बॅनरचं कापड पुन्हा वापरलं जाई, आणि छापून झाल्यावर मूळ चित्राला कुणी विचारत नसे. अनेक चित्रकारांची तर नावंही उरलेली नाहीत. तुमच्या गावात जुने बॅनर पेंटर असतील तर त्यांना भेटा, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. घरात किंवा जुन्या थिएटरच्या अडगळीत पोस्टर सापडलं तर त्याची घडी घालू नका, चिकटपट्टी लावू नका. खालच्या कडेला छापखान्याचं आणि कोपऱ्यात चित्रकाराचं नाव आहे का ते पाहा, त्याचा स्वच्छ फोटो काढा आणि आमच्याकडे पाठवा. आणि यापुढे स्वतःच्या प्रत्येक पोस्टरवर, क्लायंटशी भांडावं लागलं तरी, आपलं नाव घाला.