परत न बोलावता येणारा शब्द

कर्जत स्टेशनाच्या आसपास वाढलेल्या पोराला 'बँकर' म्हणजे काय, असे विचारून पाहा. कोट घातलेला पेढीवाला त्याच्या डोळ्यांपुढे येणार नाही. त्याला आठवेल ते गाडीच्या शेपटाला लागणारे इंजिन. पुण्याकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी कर्जतला थांबते, मागे बँकर लागतात आणि तिला बोरघाट चढवून देतात. इंग्रजीत 'बँक' या शब्दाचा चढण असाही एक अर्थ आहे, आणि आमचा घाट काही ठिकाणी 37 फुटांना 1 फूट इतका उभा आहे. हा अर्थ आम्हांला कोणी वर्गात शिकवला नाही. वड्याची टोपली घेऊन फलाटावर फिरणाऱ्यालाही तो ठाऊक असतो.

उलट, जे शब्द मी जिवापाड मेहनत करून शिकलो, त्यांची कथा वेगळी आहे.

आमच्या पिढीला एबीसीडी पाचवीत भेटली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली. त्यामुळे मुंबईत नोकरी लागली तेव्हा साहेबापुढे तोंड उघडायची भीती वाटे. फोर्टातल्या फुटपाथवरून शब्दसंग्रह वाढवण्याचे एक जाडजूड पुस्तक घेतले आणि रोज दहा शब्द असा नेम धरला. कर्जत ते तेव्हाचे व्ही. टी. हे सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर, लोकलचे दोन तास तरी सहज. बाकीची मंडळी पत्ते कुटायची, भजने म्हणायची; मी 'एफेमरल' म्हणजे क्षणभंगुर, 'इर्रिव्होकेबल' म्हणजे रद्द न करता येणारा, असे घोकत बसायचो. वर्षभरात तीन हजारांच्या वर शब्द झाले. गावात माझ्या इंग्रजीचा दबदबा झाला, हे वेगळे सांगायला नको.

2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खालापूर तालुक्यातल्या जमिनींना पंख फुटले. ज्या वरकस माळावर गुरांखेरीज कोणी फिरकत नसे, तिथे मोटारी थांबू लागल्या. आमच्या थोरल्या काकांकडेही एक दलाल आला. काकांना आम्ही अप्पा म्हणतो. इसाराची रक्कम हातात ठेवून त्याने इंग्रजीत टाइप केलेले सहा पानी कुलमुखत्यारपत्र पुढे केले. अप्पांनी मला बोलावले.

"वाच रे बाबा. तू शिकलेला. काय लिहिलंय यात?"

मी पाने चाळली. पहिल्याच परिच्छेदात 'इर्रिव्होकेबल' होता. ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तसा आनंद झाला. अर्थही आठवला. पण तो शब्द इथे काय काम करतो आहे, हा प्रश्न काही मनात आला नाही.

"नेहमीचंच असतं हे, अप्पा. करा सही."

वर्षभरात भाव दुप्पट झाले. इसार परत करून व्यवहार मोडावा असे अप्पांच्या मनात आले, तेव्हा दलालाने तोच शब्द दाखवला. पुढे वकील, तारखा, हेलपाटे. शेवटी तडजोड झाली. भाताची खाचरे राहिली, माळ गेला. अप्पा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर मी कायदा समजून घेतला. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याचे 202 वे कलम सांगते, की ज्या मालमत्तेसाठी मुखत्यार नेमला तिच्यात त्याचे स्वतःचे हित असेल, तर त्या हिताला बाध येईल अशा रीतीने त्याची मुखत्यारी संपवता येत नाही. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने जमिनीची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे एका शब्दामागे केवढे घर उभे असते! मी फक्त दारावरची पाटी पाठ केली होती.

मग तो शब्दच फोडून पाहिला. 'व्होकारे' हा लॅटिन धातू, अर्थ बोलावणे. 'री' म्हणजे परत. आधी नकार, शेवटी 'येण्याजोगा'. परत न बोलावता येण्याजोगा! हा धातू आपल्या 'वाच्'चाच दूरचा भाऊबंद. संस्कृतात एका 'हृ' धातूला उपसर्ग लावून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, तसेच इंग्रजीत 'प्रोव्होक', 'इन्व्होक', 'रिव्होक' होतात. एक मूळ धरले की सात-आठ फांद्या हाती येतात. हे आम्हांला शाळेत कोणी सांगितले असते, तर घोकंपट्टीचे निम्मे कष्ट वाचले असते.

पण नुसते मूळ पुरत नाही, वाक्यही हवे. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, दुसरी आवृत्ती 1857 ची. तो आजही वाचावासा वाटतो, कारण शब्द लोकांच्या तोंडी कसा वावरतो हे त्यात दिसते. आज स्पर्धा परीक्षांच्या क्लासांत मुले समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करतात, त्यांत मला लोकलमधला मीच दिसतो. मोबाइल अर्थ क्षणात देतो, हे खरे. पण समोरच्या कागदावर त्या शब्दाने कोणाचे काय जाणार, हे आपल्यालाच विचारावे लागते.

म्हणून आमच्या घरी आता एक रिवाज आहे. रविवारी चहानंतर घरातला एखादा इंग्रजी कागद काढायचा. विम्याची पॉलिसी, कर्जाचा करार, औषधाची चिठ्ठी, काहीही. त्यातला एक अवघड शब्द मुलांनी फोडायचा, त्याचे मराठीत वाक्य करायचे आणि त्याचा आपल्याशी संबंध सांगायचा. गेल्या आठवड्यात 'एक्सक्लुजन' निघाला. बाहेर ठेवलेले, म्हणजे ज्या आजारांचे पैसे मिळणार नाहीत ते. नातीने तो समजावला आणि आमची पॉलिसी आम्हांला प्रथमच कळली.

अप्पा आता नव्वदीला टेकले आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही. पण बँकेचा साधा फॉर्म पुढे केला तरी पेन हातात घेण्याआधी ते नातीला विचारतात, "पोरी, यातला शब्द परत बोलावता येतो ना गं?"

तीन हजार शब्द पाठ असून मला जो प्रश्न सुचला नव्हता, तो हाच.