दुर्बीण परकी नाही

एकोणतिसावा रोजा सुटला की मोहल्ल्यातली निम्मी माणसं गच्चीवर असतात. तोंडात खजूर, नजर पश्चिमेला. "दिसला का?" असं खालून शेजारच्या काकूही विचारतात, कारण शीरखुर्मा उद्या की परवा, हे त्यांनाही कळायला हवं असतं. मग कुणीतरी हमखास म्हणतो, "आता दुर्बीणच लावावी लागणार!"

मराठी माणसाला दुर्बीण फक्त चांदासाठी लागत नाही. प्रामाणिक पुढारी, उन्हाळ्यात नळाचं पाणी, खानावळीच्या रश्श्यातला बटाटा, सगळं दुर्बीण लावूनच शोधावं लागतं. डॉक्टर 'दुर्बिणीतून ऑपरेशन' सांगतात, तेव्हा तर पाहायचं असतं पोटाच्या आत. नारायणगावजवळ खोडद परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या उभ्या आहेत. त्यांना कुणी डोळा लावत नाही, त्या अवकाशातल्या रेडिओलहरी टिपतात. तरी ती रेडिओ दुर्बीणच.

इतका घरचा झालेला हा शब्द मूळचा फारसी. 'दूर' म्हणजे लांब, 'बीन' म्हणजे पाहणारा. मराठीत येताना 'दू' आखूड झाला, 'न'चा 'ण' झाला, आणि आता तो दुर्जन-दुर्दैवांच्या रांगेतला वाटतो, बिचारा. 'दूर' तर संस्कृतातही आहे, दोन्ही भाषा एकाच घराण्यातल्या. याच शब्दाचं भावंड 'खुर्दबीन', म्हणजे सूक्ष्मदर्शक. ते मराठीत रुळलं नाही. त्यातला 'खुर्द', म्हणजे लहान, मात्र गावांच्या पाट्यांवर 'बुद्रुक'च्या जोडीने ठाण मांडून आहे.

पाठ्यपुस्तकांनी 'दूरदर्शक' दिला, तोही चांगलाच शब्द. पण अर्थ तोच. 1611 साली रोममध्ये गॅलिलिओच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीत 'टेलिस्कोप' हे नाव पुढे आलं, त्या ग्रीक शब्दांचा अर्थही लांबचं पाहणं हाच. ज्यांना मराठीतला प्रत्येक फारसी शब्द खड्यासारखा वेचून टाकायचा आहे, त्यांनी माधव जूलियन आठवावेत. 1925 मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश दिला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. तरी लोकांच्या तोंडी दुर्बीणच राहिली.

नाव फारसी आहे म्हणून वस्तूवरही हक्क सांगू पाहणारे काही मुसलमान असतात. तेही खरं नाही. इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात प्रकाश आणि दृष्टी यांवर मोठा ग्रंथ लिहिला, हा वारसा थोर आहे. दुर्बीण मात्र 1608 मध्ये हॉलंडात पुढे आली. गंमत अशी की जे नावावर हक्क सांगतात, त्यांच्यातलेच काही चांदाच्या वेळी दुर्बिणीला परकी ठरवतात.

चांद पाहून रोजे धरा, चांद पाहून सोडा, ढग आले तर तीस दिवस पूर्ण करा, ही पैगंबरांची शिकवण. साध्या डोळ्यांचा आग्रह धरणाऱ्या उलेमांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मेंढपाळालाही पाळता यावा असा हा नियम आहे, त्यासाठी यंत्र विकत घ्यावं लागू नये. तुर्कस्तानात तारखा खगोलगणितावरून आधीच ठरतात, इराणमध्ये दुर्बिणीतून दिसलेला चांद मानला जातो, इतरत्र डोळ्यांची साक्ष मागतात. पण साक्षीला आलेल्या माणसाला कुणी चष्मा काढून ठेवायला सांगत नाही. आणि मधला रस्ता सोपा आहे. कोवळा चांद नेमका कुठे आहे ते दुर्बिणीने हेरायचं, मग त्याच जागी साध्या डोळ्यांनी पाहायचं. पुष्कळदा तो दिसतो. नुसती जागा माहीत नसते, म्हणून हुकतो.

शहरातल्या हौशी खगोलमंडळांकडे आणि महाविद्यालयांकडे दुर्बिणी असतात, वर्षातले बरेच दिवस खोक्यात. त्यातली एखादी एकोणतिसाव्या रोजाला मशिदीच्या गच्चीवर मागून आणायला काय हरकत आहे? सोबत ती वापरणारा माणूस आणावा, मग तो कुठल्याही धर्माचा असो. अर्धा-पाऊण तासाचं काम. मुलांना रांगेत उभं करावं, शेजारच्या काकूंनाही वर बोलवावं. फक्त सूर्य पुरता बुडेपर्यंत दुर्बीण पश्चिमेला वळवू नये, डोळा कायमचा जातो.