वाढीला वाढच म्हणा



मध्यंतरी आमच्या भागातील समाजाच्या वार्षिक सभेला गेले होते. चिटणिसांनी अहवाल वाचला. भाषा मराठी होती असे म्हणायचे, कारण क्रियापदे मराठी होती. "मेंबरशिपमध्ये ग्रोथ चांगली आहे, डोनेशन इन्क्रीज झाले आहे, पण एक्स्पेन्सेस त्याहून फास्ट राइज होत असल्यामुळे सबस्क्रिप्शन रिवाइज करणे भाग आहे." माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी मला कोपराने ढोसले आणि हळूच विचारले, "अगं, पैसे वाढले का सरले?" खरे म्हणजे पैसे सरले होते आणि वर्गणी वाढणार होती. मी सांगेपर्यंत "ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावेत" अशी सूचना झाली, आणि सगळ्यांबरोबर मावशींचाही हात वर गेला. आपल्या खिशातून जास्त पैसे जाणार आहेत हे न कळता त्या माउलीने संमती दिली!

चिटणीस सज्जन आहेत, फुकट राबतात, म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो या सवयीवर. हल्ली आपल्यात काहीही थोडेसे अधिक झाले की इंग्रजी शब्द पुढे येतो. साखर इन्क्रीज होते, बिझनेसची ग्रोथ होते, भाडे राइज होते आणि नातवाची हाइटसुद्धा इम्प्रूव्ह होते. वाढायचे ते सगळे इंग्रजीत, मग मराठीला काय फक्त घटायचे काम ठेवले आहे?

यावर मला ठरलेले उत्तर मिळते. "बाई, आकड्यांची भाषा मराठीला जमत नाही." कोणी सांगितले? मी ठाण्याच्या मराठी शाळेत एस.एस.सी. झाले आणि 1977 साली इकडे आले. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ केल्याशिवाय घरी जेवायला बसू देत नसत. औट म्हणजे साडेतीन. सव्वापट, दीडपट, अडीचपट हे मराठीत एकेका शब्दात सांगता येते. "फिफ्टी परसेंट इन्क्रीज" म्हणायला तीन शब्द लागतात आणि तरी आजीला कळत नाही. "दीडपट" म्हटले की भाजीवालीलाही कळते.

आणि बाजाराची भाषा? भाव नुसते वाढत नाहीत. ते वधारतात, चढतात, कडाडतात, भडकतात. भाव वधारले म्हणजे जरा वर सरकले, आणि भाव भडकले म्हणजे गरिबाच्या चुलीपर्यंत आच आली. 1984 साली या देशात वर्षभरात महागाई चारशे टक्क्यांहून वर गेली होती, ते दिवस तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. पगार हातात पडला की त्याच दिवशी तेल-तांदूळ भरून ठेवायचे, कारण पुढे त्याच पैशात कमी सामान येई. 1985 च्या जुलैत सरकारने कडक योजना आणली, आणि त्याच वर्षी हजार जुन्या शेकेलचा एक नवा शेकेल झाला. त्या काळात आमची वडीलधारी मंडळी, ज्यांना धड हिब्रू येत नव्हते, मराठीतच हिशेब करीत आणि एकही चूक करीत नसत. चारशे टक्के वाढ म्हणजे पाचपट, चौपट नव्हे, हे माझ्या सासूबाईंना तोंडी कळत होते. आज शिकलेली माणसे इथेच गोंधळतात.

मी आयुष्यभर नर्सचे काम केले. माझ्या धंद्यात असा गोंधळ जिवावर बेततो. एका गृहस्थाने आपल्या वडिलांना फोनवर "डोस टू इन्क्रीज करा" असे सांगितलेले मी कानांनी ऐकले आहे. वडील एक गोळी घेत होते. आता दोन वाढवायच्या की दोनवर न्यायची? पहिल्यात तीन होतात आणि दुसऱ्यात दोन. "एकाच्या दोन करा" इतके साधे मराठी त्या मुलाच्या तोंडी का येऊ नये?

याहून मोठी गोष्ट सांगते. पुष्कळ वर्षे झाली. आमच्या वॉर्डात रोह्याकडच्या एक वृद्ध बाई दाखल होत्या. डॉक्टरांनी मुलाला हिब्रूत सांगितले की पोटात "गिदुल" आहे. हिब्रूत गिदुल म्हणजे वाढही आणि गाठही. मुलाने आईला सांगितले, "आई, थोडी ग्रोथ आहे म्हणतात." बाईंनी हा शब्द पूर्वी एकदाच ऐकला होता. पणतूला वजन करायला दवाखान्यात नेत, तेव्हा नातसून घरी येऊन म्हणायची, "ग्रोथ छान आहे." दुपारी मी औषध द्यायला गेले तर बाई हसून म्हणाल्या, "सिस्टर, माझी ग्रोथ चांगली आहे ना? मग घरी कधी सोडणार?"

मला बोलवेना. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या कागदावर त्यांची सही घ्यायची होती. मी मुलाला बाजूला घेऊन विचारले. तो रडवेला होऊन म्हणाला, "सिस्टर, आईला गाठ म्हणायला माझी जीभ वळली नाही." त्याची माया मला समजली. पण ती माया आईला अंधारात ठेवीत होती. मग त्याच्या परवानगीने मी बाईंजवळ बसले, हात हातात घेतला आणि म्हटले, "मावशी, पोटात गाठ आहे. ती वाढते आहे, म्हणून काढायची आहे." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग असं सांगा की. गाठ मला कळते." त्यांनी डिमोनाच्या मुलीला बोलावून घेतले, घरच्या चार गोष्टी मार्गी लावल्या आणि मग समजून-उमजून सही केली.

कठीण गोष्ट हळुवारपणे सांगण्यासाठी इंग्रजीचा आडोसा लागतो असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या आज्यांचे बोलणे आठवावे. बांगडी फुटली असे त्या कधी म्हणत नसत, "बांगडी वाढली" म्हणत. नारळसुद्धा फोडायचा नाही, वाढवायचा. फुटण्यातही वाढ पाहणारी ही भाषा हळुवार नाही असे कोण म्हणेल? आणि ताटात भात वाढायचा तोही याच शब्दाने. माझी नात एकदा विचारीत होती, "आजी, वाढणे म्हणजे इन्क्रीज ना? मग ताटात इन्क्रीज कसे करतात?" मी म्हटले, "बस जेवायला, दाखवते."

आता कोणी म्हणेल, बाईंना परकीय शब्दांचे वावडे आहे. मुळीच नाही. मी इंजेक्शनला इंजेक्शनच म्हणते आणि डबल म्हणणाऱ्याशीही भांडत नाही. "जास्त" हा शब्दही बाहेरूनच आला, आणि "बरकत" तर अरबीतून आला. अरबीतील बरका आणि आपली हिब्रू ब्राखा ही एकाच धातूची भावंडे आहेत! म्हणजे कोकणातला तेली घाण्याला बरकत येवो म्हणत असे, तेव्हा नकळत आपल्या पूर्वजांच्या भाषेशीही नाते सांगत असे. असे शब्द घरात येऊन घरचे झाले. मराठीत जे नव्हते ते घेतले तर घर भरते. पण घरात पाट असताना शेजारची खुर्ची आणून पाट माळ्यावर टाकणे, याला काय म्हणावे?

आपण ज्या देशात राहतो त्याच्याकडेच पाहा. एलिएझर बेन-येहूदा 1881 साली यरुशलेमला आले, तेव्हा घरात हिब्रू कोण बोलत होते? आज भाववाढीला हिब्रू माणूस "आलियात मेखिरिम" म्हणतो. इस्राएलला येणे ती आलिया, तोरा वाचायला वर जाणे ती आलिया आणि भाव चढणे तीही आलियाच. महागाई भत्त्याला "तोसेफेत योकेर" म्हणतात. "इन्फ्लात्सिया" त्यांनीही बाहेरून घेतला हे खरे, पण बाकीचा संसार आपल्या शब्दांत चालवला. 1953 साली हिब्रू भाषेची अकादमी स्थापन झाली, ती याच कामासाठी. या भाषेचा आपल्याला अभिमान वाटतो, तो योग्यच आहे. मग त्याच अभिमानाचा एक घास मराठीला का देऊ नये?

"तरुणांना मराठी कळत नाही" हे शेवटचे कारण. कबूल. पण तरुणांना हिब्रू येते, त्यांच्याशी हिब्रूत बोला. वृद्धांना मराठी येते, त्यांच्याशी मराठीत बोला. ही मधली इंग्रजी कोणासाठी? आपल्या घरात ती ना आजीची, ना नातवाची. ती फक्त बोलणाऱ्याच्या ऐटीची.

म्हणून माझी चिटणिसांना नम्र विनंती आहे. पुढच्या सभेचा अहवाल असा लिहा: सभासद वाढले, देणग्या वाढल्या, पण खर्च त्याहून अधिक वाढला, म्हणून वर्गणी वाढवावी लागेल. लिहायला मदत हवी असेल तर मी संध्याकाळी घरीच असते, चहाही देईन. मग शेजारच्या मावशींना हात वर करायचा की नाही, हे त्यांचे त्या ठरवतील.