एकत्र कुटुंबाची थकबाकी

निवडणुकीची चाहूल लागली म्हणजे आमच्या ओसरीवर जी विद्वत्ता प्रकट होते, ती एरवी पाच वर्षांत दृष्टीस पडत नाही. सायंकाळचा चहा झाला की थोरले बंधू, मी, दोघे पुतणे आणि शेजारचे एक निवृत्त पोस्टमास्तर अशी बैठक जमते. आणि जिल्हा परिषदेच्या कोणत्या गटात कोणास उमेदवारी मिळेल, ग्रामपंचायतीच्या वेळी कोण कोणाशी हातमिळवणी करील, कोणाचा कोण मामेभाऊ लागतो, याचा ऊहापोह पाने वाढली जाईपर्यंत चालतो. भंडारा व गोंदिया या जिल्हा परिषदांची मागील निवडणूक 21 डिसेंबर 2021 आणि 18 जानेवारी 2022 अशी दोन हप्त्यांत झाली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेल्यामुळे काही जागांचे मतदान मागे राहिले होते. त्या वेळी कोणी काय भाकीत केले व ते कसे फसले, हे पोस्टमास्तरांस अद्याप तोंडपाठ आहे. सरपंच थेट जनतेने निवडावा की सदस्यांनी, याचा नियम 2017, 2020 आणि 2022 असा तीनदा फिरला. त्या तिन्ही वेळी आमची ओसरी प्रत्येक नियमाच्या विरुद्धच होती.

गेल्या महिन्यात अशीच बैठक रंगात आली असता धाकट्या सूनबाई पेले उचलावयास आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मामंजी, आपली ग्रामपंचायत वर्षाला घरपट्टी किती गोळा करते आणि ती कशावर खर्च होते, हे इथे बसलेल्यांपैकी कोणाला ठाऊक आहे का हो?"

कोणासही ठाऊक नव्हते. थोरल्या बंधूंनी पानाचा डबा पुढे ओढला. मी चष्मा पुसू लागलो. वाचकहो, मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले, आणि शिक्षक कमी पडत तेव्हा नागरिकशास्त्राचे तासही घेतले. "ग्रामसभा म्हणजे काय, ते पाच ओळींत लिहा," हा प्रश्न मी किती मुलांस घातला असेल याची गणती नाही. चौथ्या ओळीवर थांबणाऱ्याचा अर्धा गुणही कापला आहे. परंतु स्वतः मी एकाही ग्रामसभेस आजवर पाऊल टाकले नव्हते.

आमचे कुडवा गाव गोंदिया शहरास इतके लागून आहे, की शहर कोठे संपले व गाव कोठे लागले हे नव्या पाहुण्यास सांगावे लागते. जुन्या वस्तीत धानाची शेती करणारी घरे आहेत. नव्या ले-आऊटांत नोकरदार, व्यापारी आणि आमच्यासारखे निवृत्त लोक राहतात. जुन्या वस्तीतले लोक आम्हांस "प्लॉटवाले" म्हणतात. मुंजीच्या निमंत्रणपत्रिकेवर आम्ही "गोंदिया" असे छापतो आणि घरपट्टीची पावती मात्र कुडव्याची फाडतो. मुलींस स्थळे सांगून येतात तेव्हाही हे उपयोगी पडते, असे आमच्या घरातील वडील स्त्रियांचे मत आहे.

शहराच्या कडेच्या अशा गावांसाठी जनगणना खात्याने एक निराळे नाव योजिले आहे. ज्या गावाची वस्ती निदान 5,000 आहे, कामकरी पुरुषांपैकी निदान 75 टक्के शेतीबाहेरच्या उद्योगात आहेत आणि दर चौरस किलोमीटरास निदान 400 माणसे राहतात, त्यास "जनगणना नगर" म्हणतात. हा मान मोजणीपुरताच. त्याने नगरपरिषद येत नाही, मुख्याधिकारी येत नाही, नगररचनेचे खाते येत नाही. कारभार ग्रामपंचायतीचाच, आणि ग्रामपंचायत कितीही मोठी झाली तरी तिचे सदस्य कायद्याने 17 च्या वर जात नाहीत. पूर्वी गावात केरकचरा म्हणजे शेण, पेंढा आणि राख. तो उकिरड्यात कुजून शेतात जाई. आमच्या बंगल्यांतून निघणारा कचरा कुजतही नाही आणि शेतकरी त्यास शिवतही नाही. सांडपाण्याचेही तेच. पूर्वी परसातल्या केळीस जाणारे पाणी आता न्हाणीघरातून, स्वयंपाकघरातून, कपडे धुण्याच्या यंत्रातून रस्त्यावर येते, आणि ते कोठे जावे हे घर बांधताना कोणी ठरविलेले नसते.

आमच्या घरापुढे असेच पाणी साचते. नाली नाही. यावर थोरल्या बंधूंनी दोन वर्षांपूर्वी एक उपाय योजिला, तो म्हणजे घरपट्टी न भरणे. "नाली नाही तर कर नाही," असे ते पोस्टमास्तरांस सांगत, आणि आम्हां सर्वांस त्यात काहीसा सत्याग्रहाचा भास होई. माझ्याकडून म्हणाल तर मी एक अर्ज लिहिला. तो भाषेच्या दृष्टीने उत्तम होता. परंतु तो मी थेट जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांस धाडला, कारण ग्रामपंचायतीच्या कचेरीत आपण काय म्हणून जावे, अशी सूक्ष्म भावना मनात होती. अर्ज फिरत फिरत अखेर ग्रामपंचायतीकडेच आला. अशा अर्जांचा मार्ग दुसरा असतच नाही.

ओसरीचे आणखी एक ठाम मत असे, की गाव एकदा शहराच्या हद्दीत गेले म्हणजे हे सारे प्रश्न आपोआप सुटतील. या मताने मलाही पुष्कळ दिवस धीर दिला. परंतु आपल्याच जिल्ह्यात आमगावचे उदाहरण आहे. तेथे आमगावसह आठ गावे मिळून नगरपरिषद करण्यात आली. लोक न्यायालयात गेले, निवडणूक होईना, वर्षामागून वर्षे प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. गाव हे गाव राहिले नाही म्हणून ग्रामीण घरकुले व रोजगार हमीची कामे बंद झाली, आणि शहर म्हणावे तर नगरसेवक नाहीत. लोक इतके त्रासले, की 2022 च्या अखेरीस, महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या सीमेचा वाद पेटला असता, आम्हांस मध्यप्रदेशात तरी घाला, अशी मागणी तेथून झाली. शहर होणे वाईट, असे मी म्हणत नाही. ज्यांची रोजी रोजगार हमीवर आहे व ज्यांचे घरकुल यादीत आहे, त्यांस विचारल्यावाचून आम्ही पेन्शनवाल्यांनी ओसरीवर बसून गावाचे शहर करू नये, एवढेच.

असो. सूनबाईंचा प्रश्न हवेत राहिला नाही. त्या पुढल्या आठवड्यात शेजारणीबरोबर महिला सभेस गेल्या. प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी गावातील स्त्रियांची स्वतंत्र सभा घेतली पाहिजे, असा नियम आहे. आमच्या घरातील स्त्रियांस तो कोणी कळविला नव्हता, कारण कळवावयाचे आम्ही, आणि आम्हांसच तो परीक्षेपुरता ठाऊक. सभेत मराठी, हिंदी आणि पोवारी अशा तिन्ही बोली चालू होत्या. सूनबाईंचे माहेर सातारचे. निम्मे बोलणे त्यांस शेजारणीने समजावून दिले. जुन्या वस्तीतील एका वृद्ध बाईंनी त्यांच्याकडे पाहून म्हटले, "तुमी पलाटवाले लोक त मतदानाच्याच दिवशी दिसता जी." हे वाक्य सूनबाईंनी घरी आल्यावर जसेच्या तसे सांगितले, आणि थोरल्या वहिनी हसता हसता गप्प झाल्या.

तेथे त्यांनी नालीचा विषय काढला. उत्तर सरळ होते. ग्रामपंचायतीचा वर्षाचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे ठरतो. आमच्या आळीतून तो विषय कोणी कधी मांडलाच नव्हता. शिवाय ले-आऊट पाडणाऱ्याने रस्ते व मोकळी जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात रीतसर दिली आहे की नाही, हे कागदांवरून आधी पाहावे लागते. ते कागद आमच्याच कपाटात, खरेदीखताच्या पुडक्यात पडलेले. पैशाचा हिशेबही त्या लिहून घेऊन आल्या. 15 व्या वित्त आयोगाने 2021 पासूनच्या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींस दिलेल्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिलेली होती. बाकीच्या कामांस उरलेले 40 टक्के, आणि गावाची स्वतःची पट्टी. ही पट्टी घराघरातूनच यावयाची. ग्रामसभेच्या गणपूर्तीस एकंदर मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसे, यांतील जी संख्या कमी ती लागते. म्हणजे हजारो मतदारांच्या गावातही शंभर माणसे पुरतात. आणि तेवढी न आल्यास सभा तहकूब होते, पुढे त्याच विषयांवर भरणाऱ्या सभेस गणपूर्तीचे बंधन राहत नाही. ही शंभराची अट मी फळ्यावर कितीदा लिहिली आहे. त्या शंभरांत आपण कधी बसलो नाही, हे मात्र फळ्यावर कोठे लिहिलेले नसते.

यापुढची गोष्ट अधिक नाजूक आहे. ग्रामपंचायतीत 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. आमच्या प्रभागातील एका जागेस यंदा आपण उभे राहावे असे सूनबाईंच्या मनात आले, आणि त्यांनी ते लपवून न ठेवता रात्री जेवणानंतर सर्वांसमक्ष सांगितले. मोठा पुतण्या वकील आहे. त्याने ग्रामपंचायत अधिनियम, 1958 काढून अपात्रतेचे कलम 14 वाचावयास घेतले. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोहोंवर गेलेली नसावी. ते ठीक होते. घरी शौचालय असून त्याचा नियमित वापर असावा, तेही होते. मग तो थांबला आणि एकवार काकांकडे व एकवार दादांकडे पाहून म्हणाला, "बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर न भरणारा मनुष्य अपात्र होतो. आणि याखाली स्पष्टीकरण असे आहे, की अविभक्त हिंदू कुटुंबातील एकाने कर थकविला, तर त्या कुटुंबातील सगळेच अपात्र समजावयाचे."

ओसरीवर इतकी शांतता मी आमच्या वडिलांच्या काळानंतर ऐकली नव्हती.

या स्पष्टीकरणाने मला रात्री झोप लागली नाही. आपण एकत्र कुटुंबाचा अभिमान बाळगतो. चूल एक, देव एक, सणवार एक. कायद्याने हाच अभिमान शब्दशः घेतला आहे. एकत्र राहता ना, मग थकबाकीही एकत्र. बंधूंचा सत्याग्रह त्यांच्या एकट्याचा कधीच नव्हता. त्यात घरातल्या सुनाही न विचारता ओढल्या गेल्या होत्या.

सकाळी मी कौटिल्याचे अर्थशास्त्र काढले, कारण बंधूंस कायद्याहून संस्कृताचा आदर अधिक. दुसऱ्या अधिकरणाच्या आरंभी जनपदनिवेशाचा अध्याय आहे. (मध्यप्रांत व वऱ्हाडात 1948 च्या कायद्याने जनपद सभा स्थापन झाल्या, तेव्हा हाच प्राचीन शब्द उचलला होता, आमच्या विदर्भात त्या सभा 1962 मध्ये जिल्हा परिषदा येईपर्यंत होत्या.) गाव शंभरापासून पाचशे कुटुंबांपर्यंतचे असावे, असे तेथे सांगितले आहे, पुढे असे आहे, की पुष्कळांनी मिळून बांध घालावयाचा ठरला असता जो त्यातून अंग काढून घेईल, त्याचे गडी व बैल कामास लावावेत, खर्चाचा वाटा त्याच्याकडून घ्यावा, आणि फळाचा वाटा मात्र त्यास देऊ नये. आपला हा प्रदेश तलावांचा. कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांवर येथील धान पिकले. मालगुजारी 1951 मध्ये गेली तरी लोक त्यांस अजून मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. पाळ फुटली तर कोणाचे एकट्याचे शेत वाहत नसे. हे सर्व मी बंधूंस मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले.

बंधूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग मी फळाचा वाटा कोठे घेतला? पाणी तर माझ्याच दारात आहे."

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते कौटिल्यापाशीही असेल असे मला वाटत नाही. कर देणारा मनुष्य काम मागू शकतो, न देणाऱ्यासही ते मागता येते. पण मागावयाचे कोठे, हे बंधूंस व मला दोघांसही सुनेने दाखविले, एवढे मी त्यांस म्हणालो. ते काही बोलले नाहीत. दुपारी छत्री घेऊन बाहेर पडले. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन वर्षांच्या घरपट्टीची पावती होती, ती त्यांनी माझ्या हाती न देता सूनबाईंच्या हाती दिली आणि एवढेच सांगितले, "थकबाकी नसल्याचा दाखला वेगळा मागावा लागतो. तो अर्ज तू कर."

सूनबाई उभ्या राहतील किंवा नाही, हे अद्याप ठरलेले नाही. घरातून त्यास मनापासून विरोध आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. नातू दहावीच्या वर्गात आहे. वहिनींचे गुडघे दुखतात. आणि निवडणुकीत घरातल्या बाईमाणसाविषयी चौकात काय काय बोलले जाते, हे ओसरीवर बसणारे आम्ही उत्तम जाणतो, कारण दुसऱ्यांच्या घरातल्या बाईविषयी ते आम्हीच बोललो आहो. "पावती भरली म्हणून परवानगी मिळाली असे समजू नका," असे आमच्या सौभाग्यवतींनी बजावले आहे. सूनबाईंनी त्यावर "बरे," एवढेच म्हटले आणि पावती देवघरातील फडताळात ठेवून दिली.

पुढल्या ग्रामसभेपुढे ठेवावयाच्या नालीच्या अर्जाचा मसुदा मी केला होता. त्यातील चार विशेषणे सूनबाईंनी खोडली आणि तेथे नालीची लांबी किती मीटर, असे लिहून जागा कोरी सोडली. धाकटा पुतण्या मघाशी दोरी घेऊन मोजावयास गेला आहे. बंधू दुसरे टोक धरून उभे आहेत.